समजा, एक बाई आहे

थोरलीचा उजवा हात कोपरापर्यंत उशीत होता आणि डोळे मिटलेले होते. उशीचं तोंड शिवण्याआधी तिला आतून चाचपून पाहायचं, हा तिचा नेम. बोटांची पोटं टेकवायची, हलकेच गोल फिरवायची, कडेकडून मध्याकडे यायचं. कापसात गुठळी लागली की ती अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळत राहायचं. कितीही हट्टी असली तरी शेवटी ती सुटते. फक्त घाई करायची नाही.

गादी-उशांचा हा कारखाना कागदोपत्री दोघा भावांचा होता. थोरला भाऊ गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, धाकटा टेम्पोतून माल पोचवायचा, आणि उरलेलं सगळं, म्हणजे सगळंच, दोघी जावा करायच्या. थोरली भरायची आणि तपासायची. धाकटी मशीनवर बसायची. बसायची म्हणजे तिला बसवावं लागायचं. सगळे तिला भिंगरी म्हणत. दोरा आणायला उठली की दारापर्यंत जाऊन, रस्त्यावर काय चाललंय ते पाहून, दोन गाण्यांच्या चार ओळी म्हणून ती परत येई, तीही दोरा विसरून.

आज मात्र ती सकाळपासून गप्प होती. मशीनही अडखळत चाललं होतं.

"ताई, एक सांगायचं होतं."

"कात्री हरवलीस ना पुन्हा?"

"नाही हो." भिंगरीने दाराकडे पाहिलं. थोरलीचा नवरा बाहेर एका गिऱ्हाइकाला फोमचे फायदे सांगत होता. ती खुर्ची ओढून जवळ आली. "छातीत दुखतंय."

थोरलीचा हात उशीत थांबला. "म्हणजे? धाप लागते?"

"तसं नाही. इथं." भिंगरीने ॲप्रनवर आधी एकीकडे हात ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखा दुसरीकडे नेला. "ठसठसतं. पाळीच्या आधी जास्त. पण भीती वाटते हो. काही भलतंसलतं असलं म्हणजे?"

थोरलीने हात बाहेर काढला. बाहीला कापूस चिकटला होता, तो ती एकेक करून वेचू लागली. बोलायच्या आधी तिला एवढी सवड हवी होती.

कारण गाठ तिला होती. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, काखेकडे. आंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि बोटांखाली द्राक्षाएवढं काहीतरी सरकलं. थोरलीने आयुष्यभर जे केलं तेच तेव्हाही केलं. ती गाठ अंगठा आणि दोन बोटांत धरली आणि चोळायला लागली. रोज कढत पाणी, रोज अंगठा. महिना होत आला होता. गाठ तसूभर हलली नव्हती. आधी ती मुळीच दुखत नव्हती, आता हात लागला तरी कळ यायची. उशी छातीशी धरून तिचं तोंड शिवायचं थोरलीने सोडून दिलं होतं, मांडीवर घेऊन शिवायची. भिंगरीने एकदा कारण विचारलं तर म्हणाली, गुडघ्यांना ऊब लागते.

कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटायचं. नवऱ्याला सांगावं, तर तो आधी स्वतःच आडवा पडला असता. आणि भिंगरीचं गाणं बंद झालं असतं. बिनगाण्याच्या कारखान्याची कल्पना थोरलीला गाठीइतकीच भयानक वाटत होती, हे तिने कधीच कबूल केलं नसतं.

पण आता ही आयती वाट पुढ्यात आली होती. जाऊ आजारी, म्हटल्यावर सोबत जाणं आलंच. आणि सोबत गेलेल्या माणसाला डॉक्टरांना चार प्रश्न विचारायचा हक्क असतोच.

"असलं दुखणं अंगावर काढायचं नसतं!" थोरली इतक्या जोरात म्हणाली की बाहेरच्या गिऱ्हाइकानेही मान वळवली. मग तिने आवाज खाली आणला. "लाज कसली त्यात? वेळच्या वेळी दाखवावं. उद्याच जाऊ. मी येते."

"याल तुम्ही?" भिंगरीचे डोळे चमकले. "खरंच? कामाचं काय?"

"काम गेलं चुलीत," थोरली म्हणाली. एका सभागृहाच्या खुर्च्यांच्या उशा आठवड्याभरात द्यायच्या असताना ती असं म्हणाली, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात पोचल्या. तपासणीची सगळी यंत्रं एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर होती. डॉक्टरीणबाई साठीच्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं.

"पेशंट कोण?"

"ही," थोरली म्हणाली. "माझी धाकटी जाऊ. मी नुसती सोबत."

"कुठल्या बाजूला दुखतं?"

"डाव्या," भिंगरी म्हणाली.

"काल तर उजव्या म्हणत होतीस," थोरली म्हणाली.

"दोन्हीकडे. आलटून पालटून."

"पाळीच्या आधी?"

"हो. म्हणजे नंतरही. नाही, आधीच."

थोरली डॉक्टरीणबाईंकडे पाहून दिलगिरीने हसली. या बाईला स्वतःच्या चपलाही ओळखता येत नाहीत, असा त्या हसण्याचा अर्थ होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंगरीला पडद्याआड नेलं, आणि थोड्या वेळाने दोघी बाहेर आल्या तेव्हा भिंगरीच्या गालांवर पुन्हा रंग होता.

"काही नाही," डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या. "पाळीच्या आधी स्तन जड होतात, ठणकतात. बहुतेक बायकांना कधी ना कधी हा त्रास होतोच. पाळी आली की कमी होतो. नुसत्या दुखण्यामागे मोठा आजार फार क्वचित असतो. नीट मापाचे कपडे घाला, गरम पाण्याने शेका. हां, एकाच जागी ठाण मांडून बसलं आणि पाळी येऊन गेली तरी हटलं नाही, तर मात्र परत यायचं."

"बरं," भिंगरी म्हणाली. पण ती उठली नाही. आपली पिशवी मांडीवर घेऊन, त्यात काहीतरी शोधत बसली.

थोरलीने खाकरून घसा साफ केला.

"डॉक्टर, समजा, एक बाई आहे."

"बरं."

"आमच्याच गल्लीत राहते. तिला, समजा, एक गाठ आहे. पण ती दुखत नव्हती. मग ते काही नसणार ना? तुम्हीच म्हणालात, दुखणं म्हणजे काही नसतं. हे तर दुखतही नव्हतं."

"उलटं झालं हे तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखत नाही म्हणून गाठ घरी ठेवायची नसते. नवी गाठ दुखो न दुखो, दाखवायची. पुष्कळशा गाठी साध्याच निघतात. पण साधी आहे हे बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"पण आता दुखते. समजा."

"कधीपासून आहे?"

"महिना होत आला."

"वय?"

"माझ्याच वयाची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या बाईला म्हणावं, आजच ये."

"ती फार कामात असते हो."

"मग तिला एखादी जाऊबिऊ असेल, तर तिला सांगा धरून आणायला."

भिंगरी पिशवीत आणखीच खोल गेली. थोरलीने खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे. छतावर पंखा होता आणि तो बंद होता.

"पडदा लावता का?" ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बोटांची पोटं टेकवली, हलकेच गोल फिरवली, कडेकडून मध्याकडे आल्या. थोरली टेबलावर आडवी पडली होती, आणि तशातही तिच्या मनात आलं, हिचा हात बसलेला आहे. आपल्याकडे असती तर दिवसाला पुष्कळ उशा तपासल्या असत्या.

हात थांबला.

"इथं आहे. पण बाई, हे एवढं काळंनिळं कशाने झालंय? मार लागला?"

"नाही. मोडत होते."

"काय?"

"गुठळी. चोळली की सुटते." थोरलीचा आवाज बारीक झाला. "आमच्या कारखान्यात, उशीतल्या कापसाची सुटते."

डॉक्टरीणबाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी तोंड वळवलं, माफ करा, माफ करा म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या. पडद्यापलीकडून भिंगरीच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते थोरलीला कळलं नाही.

"अहो, ही कापसाची नाही."

"ते आलं लक्षात आता. चोळून काही बिघडवून ठेवलं का मी?"

"गाठीचं काही बिघडत नाही त्याने. ती चोळून मोडतही नाही आणि चोळून वाईटही होत नाही. तुम्ही छळलंत ते फक्त स्वतःला. आणि महिना घालवलात, तो घालवायला नको होता."

"वाईट आहे का?"

हा प्रश्न महिनाभर थोरलीच्या तोंडात होता. विचारल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. उत्तर यायच्या आधीच वाटलं, म्हणून तिला त्याचं आश्चर्यही वाटलं.

"हाताला गुळगुळीत लागते आणि सरकते. हे बरं लक्षण आहे. पण मी नुसत्या हातावर सोडत नाही. तुम्ही उशी बाहेरून दाबून गिऱ्हाइकाला देता का?"

"छे! आत हात घालून बघते."

"मग मलाही आत बघू द्या."

वरच्या मजल्यावर एका यंत्राने थोरलीचा स्तन दोन पट्ट्यांमध्ये चपटा केला. कापसाच्या गासड्या दाबायचं यंत्र तिने पाहिलं होतं, पण आपण स्वतः त्यात जाऊ असं कधी वाटलं नव्हतं. ती हे तिथल्या मुलीला म्हणाली. मुलगी म्हणाली, श्वास रोखा आणि बोलू नका. थोरलीला त्यातलं दुसरं जास्त जड गेलं. मग तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. सोनोग्राफी डॉक्टरीणबाई स्वतः करणार होत्या, त्यांना यायला वेळ होता.

भिंगरी आधीच येऊन बसली होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या. कॉरिडॉर लांबलचक होता आणि त्यात फिनाइलचा वास होता.

"सांगायचं होतं ना मला," भिंगरी म्हणाली.

"तुझंच दुखणं चालू होतं. त्यात माझं कशाला?"

भिंगरी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"हे बघ," थोरली म्हणाली, "सभागृहाच्या उशांना जाड दोरा वापर. बारीक वापरलास तर महिन्यात उसवतील. आणि चौथ्या फळीवर जो कापूस आहे तो धुळकट आहे, तो पोराटोरांच्या गाद्यांत घालायचा नाही. ह्यांना सांगितलं तर ते विसरतील. मी नसले तर..."

"तुम्ही नसलात तर मी कारखान्याला कुलूप लावीन आणि म्हशी पाळीन. गप्प बसा."

"तुला म्हशीतलं काय कळतं?"

"उशांमधलं तरी कुठं कळतं? तुम्हीच रोज म्हणता."

थोरलीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली. बाकावर रेक्झिनची गादी होती. तिचा हात आपोआप गादीवर फिरू लागला आणि एका जागी अडला.

"गुठळी आहे," ती म्हणाली.

भिंगरीनेही हात लावून पाहिला. "दोन आहेत. कुणी भरलीय ही?"

"कुणी का भरेना, तपासली नाही." थोरलीचा अंगठा रेक्झिनवरून गुठळी दाबायला लागला. दाबत राहिला. आता तो थांबेना. भिंगरीने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि घट्ट धरला. तशाच त्या बसून राहिल्या. भिंगरीचा तळवा घामाने ओला झाला होता. थोरलीच्या मनात आलं, केवढी घाबरलीय ही, आणि स्वतःचं घाबरणं तिला थोडं कमी वाटलं.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर राखाडी ढग हलत होते. डॉक्टरीणबाईंनी थंडगार जेल लावून यंत्राचा तुकडा फिरवला. ढगांच्या मधोमध एक काळंभोर वर्तुळ आलं. कड अगदी रेखीव, आत काहीच नाही.

थोरलीने श्वास रोखला. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पाणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"देऊ का बाटली?" भिंगरीने दारातून विचारलं. तिला आत यायची परवानगी नव्हती आणि ती अर्धी आत होती.

"मला नको. आत पाणी आहे, गाठीत. साधी पाण्याची गाठ आहे ही. पाळी जायचं वय जवळ आलं की अशा गाठी पुष्कळ बायकांना होतात. मघाच्या यंत्रावरची, एक्स-रेची फिल्मही बघितली मी, तीही चांगली आहे. दुखत नसती तर हातही लावला नसता. पण तुम्ही तिला एवढं रगडलंय की आता दुखते. सुईने पाणी काढून टाकू या?"

"आत्ता?"

"आत्ता."

सुई थोरलीच्या दाभणापुढे अगदीच पोरकट होती. टोचलं, पण ते टोचणं तिला जाणवलंही नाही, कारण ती पडद्याकडे बघत होती. काळं वर्तुळ चेपत चाललं. लांबट झालं, रेघ झालं, आणि मग ढगच ढग राहिले.

"हात लावून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगठा नको. बोटांनी."

थोरलीने बोटांची पोटं टेकवली, हलकेच गोल फिरवली. कडेकडून मध्याकडे आली. पुन्हा फिरवली. काही लागलं नाही.

"सुटली," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. इतका आनंद एकदम झाला तर त्याचं काय करायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. दारातली अर्धी भिंगरी पूर्ण आत आली. कुणी तिला बाहेर काढलं नाही.

"पुन्हा भरू शकते," डॉक्टरीणबाई जरा वेळाने म्हणाल्या. "भरली तर चोळत बसायचं नाही, फोन करायचा. काखेत गाठ लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखं काही आलं, तरीही तेच. आणि सहा आठवड्यांनी एकदा दाखवून जायचं. गल्लीतल्या त्या बाईलाही सांगा."

"सांगते," थोरली म्हणाली. "मूर्ख आहे ती. पण ऐकेल."

परत येताना दोघींनी आइस्क्रीम घेतलं आणि रस्त्यातच उभ्या राहून खाल्लं. थोरली एरवी रस्त्यात काही खात नसे. आज तिने भिंगरीला मोठा कप घेऊन दिला, वर स्वतःच्या कपातलंही दिलं, आणि कापसाची नाही हो ही, असं डॉक्टरीणबाईंच्या आवाजात म्हणून दाखवलं. भिंगरी इतकी हसली की तिच्या ॲप्रनवर डाग पडला. आज त्या दोघी घरून ॲप्रन घालूनच निघाल्या होत्या, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

कारखान्यात थोरलीच्या नवऱ्याने तेवढ्या वेळात मदत म्हणून एक उशी भरून ठेवली होती. ती टेबलावर ठेवली की दगडासारखी वाजत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्याने भिंगरीला विचारलं.

"तिला काही नाही," थोरली म्हणाली. "मला गाठ होती. पाण्याची निघाली. सुईने काढली. आता नाही."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग मागे सरकत सरकत एका नव्याकोऱ्या गादीवर बसला, आणि बसल्या जागी आडवा झाला. थोरलीने त्याच्या डोक्याखाली त्याचीच उशी सरकवली. तो लगेच उठून बसला.

दुपार कामात गेली. कामही काय झरझर झालं! भिंगरीचं मशीन सुसाट होतं आणि तोंडात गाणं होतं, तेच नेहमीचं, चुकीच्या चालीतलं. थोरली उशांमागून उशा तपासत होती आणि मधूनच, कारण नसताना, हसत होती. आपण एवढ्या सुखात आहोत आणि हिच्या मागे मात्र ते ठणकणं आहेच, असं तिच्या मनात आलं. हिच्या दुखण्यामुळे आपण आज वाचलो आणि आपण त्याची साधी चौकशीही केली नाही.

"भिंगरे, शेकायला तुला एक छोटी उशी शिवून देते. आत धान्य भरू, ऊब टिकते. तुझं दुखणं कसं आहे गं आता?"

"कुठलं दुखणं?" मशीन न थांबवता भिंगरी म्हणाली.

मग मशीन थांबलं.

भिंगरी न पडलेला दोरा उचलायला टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. तिचे कान तेवढे दिसत होते, ते लाल झाले होते. थोरली त्या कानांकडे पाहत राहिली. हातातली उशी तिने अगदी सावकाश बाजूला ठेवली आणि पुढची ओढून घेतली.

"सहा आठवड्यांनी पुन्हा जायचंय," ती म्हणाली. "तेव्हा तुला काही दुखलं नाही तरी चालेल. मी आपण होऊन जाईन."